थॉर्नबी मिलचे चार माग

डोरीन हॅल्सॉलला त्या शनिवारी खरं तर नुसती लोकर घ्यायची होती. राखाडी, जाड, दोन गुंडे. नातीच्या गाडीतून बाजारात जायचं, लोकर घ्यायची, कोपऱ्यावरच्या दुकानात बटाटा-कांद्याचं सारण भरून भाजलेला गरम ‘पाय’ खायचा आणि चारच्या आत घरी, एवढाच बेत होता. पण दुकानात तिला राखाडी कुठला आणि निळा कुठला तेच कळेना. दुकानदारीण बिचारी दोन्ही गुंडे तिच्या नाकाशी धरून उभी. शेवटी बेथ, तिची नात, समोर येऊन म्हणाली, "आजी, डावीकडचा राखाडी."

"ठाऊक आहे मला," डोरीन फणकारली आणि तिनं उजवीकडचा उचलला.

डोळ्यांचं हे दुखणं वर्षभराचं. नजरेच्या कडा शाबूत होत्या, मधोमध मात्र धुरकट डाग, काचेवर कुणी ओला अंगठा फिरवावा तसा. माणसाकडे सरळ पाहिलं की नेमका चेहराच नाहीसा. टोपी दिसे, खांदे दिसत, मधे नुसता धूर. मग ती कोंबडीसारखी मान वाकडी करून तिरप्या नजरेनं समोरच्याचे ओठ शोधायची. नाताळपर्यंत उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. एखादीनं निभावून नेलं असतं. पण डोरीनचे कान मागांच्या खडखडाटानं तरुणपणीच खाल्ले होते. पंधराव्या वर्षापासून ती माणसांचं बोलणं ओठांवरूनच वाचत आली होती. आता डोळे गेले की ती दुसऱ्यांदा बहिरी होणार होती.

हे ओठांचं बोलणं इंग्लंडातल्या प्रेस्टनच्या कापडगिरण्यांमधलं. साचेखात्यात तीनशे माग एकदम सुरू झाले की माणसाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे, म्हणून बायकांनी आवाजाचा नादच सोडला होता. ओठ, गाल, भुवया ताणून शब्दाचा नुसता आकार करायचा. चार रांगा पलीकडची बाई तो वाचायची आणि तिथूनच उत्तर द्यायची. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा नवरा कुठे सापडला, सगळं दिवसभर हवेतून चालायचं, आणि माग दुरुस्त करणारा जॉबर मधे तेलाचा डबा घेऊन बावळटासारखा उभा. भांडणंही तशीच व्हायची. त्यात समोरच्याचं ऐकायचं नसेल तर कानात बोटं घालून काय उपयोग? पाठ फिरवायची. पाठ फिरवली की विषय संपला.

डोरीननं एकदा अशी पाठ फिरवली होती.

तेव्हा ती सोळाची होती आणि थोरली बहीण आयव्ही एकोणिसाची. समोरासमोरच्या रांगांत दोघींचे चार-चार माग. डोरीन नाचाच्या हॉलमध्ये कुणा मुलाबरोबर दिसली, हे आयव्हीनं आईला सांगितलं आणि आईनं डोरीनच्या थोबाडीत ठेवून दिली. भांडण एवढंच. दुसऱ्या दिवशी नोव्हेंबरातलं दाट धुकं पडलं होतं. डोरीन सकाळपासून आयव्हीकडे ढुंकून बघेना. सुटीच्या भोंग्याला दहा मिनिटं असताना आयव्ही आपल्या मागांच्या टोकाशी आली आणि हात हलवून काहीतरी सांगू लागली. डोरीनला डोळ्याच्या कोपऱ्यातून ओठ हलताना दिसले. तिनं मुद्दाम, सावकाश पाठ फिरवली. भोंगा झाल्यावर ती पुढच्या दारानं निघाली आणि थेट सिनेमाला जाऊन बसली.

आयव्ही त्या रात्री घरी आली नाही. सकाळी ती कालव्यात, दगडी पुलाखाली सापडली.

धुक्यात पाय घसरला, असा निकाल झाला. आई मात्र मरेपर्यंत एकच विचारत राहिली, "पुलापाशी तिचं काय काम होतं? धुक्यात ती कधी त्या वाटेनं येत नसे." आयव्ही शेवटी आपल्याशी काहीतरी बोलली होती, हे डोरीननं आईलाही सांगितलं नाही. ती शिवी होती, माफी होती की निरोप होता? बासष्ट वर्षं ते हलणारे ओठ तिनं आठवून आठवून पाहिले. पण जे नीट पाहिलंच नाही ते आठवणार कसं? आपण पाठ फिरवली म्हणून तिनं जीव दिला का, हा प्रश्न डोरीनच्या लग्नात, बाळंतपणात, नवऱ्याच्या मयतीत तिच्या शेजारी येऊन बसला होता.

बेथला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून तर कोपऱ्यावरच्या दुकानात खाता खाता ती सहज म्हणाली, "आजी, तुझी ती थॉर्नबी मिल नवी केलीय म्हणे. वर फ्लॅट काढलेत, खाली चहाचं दुकान. शनिवारी जुने मागसुद्धा चालवून दाखवतात. जायचं?"

गिरणीच्या गल्लीत पाऊल टाकायला नको म्हणून डोरीन आयुष्यभर दोन बस बदलून बाजारात येत आली होती. तिनं काटा खाली ठेवला. नाताळनंतर तिला काहीच दिसणार नव्हतं.

"चल," ती म्हणाली. "चहा तू पाजायचास."

गिरणीच्या विटा घासूनपुसून गुलाबी केल्या होत्या. एके काळी शाईसारखा काळा असलेला कालवा आता हिरवा झाला होता, आणि त्यात बदकं अशी फिरत होती, जणू तीच मालक. आत शिरल्यावर कॉफीचा आणि लव्हेंडरच्या साबणाचा वास आला. डोरीननं दोनदा श्वास ओढून पाहिला. तेल नाही, ओलं सूत नाही, घाम नाही. तिला हायसं वाटलं आणि रागही आला.

मग बेथनं एक काचेचं दार ढकललं आणि दोघी साचेखात्यात आल्या.

छप्पर तेच होतं, करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याच्या एका बाजूला काच, आणि काचेतून खाली उतरणारा तो पांढरा, गार उजेड, ज्यात कशाचीच सावली पडत नसे. सगळी जागा दुधात बुडवून ठेवल्यासारखी दिसत होती. माग काढून टाकले होते. लांबच लांब लाकडी फरशी रिकामी पडली होती. तिथं आता लग्नं होत, चित्रं मांडत. दूर एका कोपऱ्यात मात्र दोरखंडामागं आठ माग राखून ठेवले होते, आणि त्यांच्यामधे एक म्हातारा तेलाचा डबा घेऊन वाकला होता. डोरीननं त्याची पाठच ओळखली.

"सिरिल बॅम्बर! तू अजून मेला नाहीस?"

म्हातारा वळला. डोळे बारीक करून त्यानं पाहिलं आणि गिरणीची सवय म्हणून नुसत्या ओठांनी, गाल फुगवून विचारलं, "डोरीन? तू?" मग मोठ्यानं म्हणाला, "मरायला फुरसत कुणाला आहे बाई? दर शनिवारी दोनचा आणि तीनचा खेळ असतो माझा. पाहुण्यांना माग चालवून दाखवतो."

"जॉबर होतास तेव्हा तर तू हात लावला की चालता माग बंद पडायचा."

"आणि तू बघितलंस की सूत तुटायचं," सिरिल म्हणाला. दोघं हसली. मग त्याचं हसू जरा ओसरलं. तो म्हणाला, "वाटलं नव्हतं तू इथं कधी येशील. आयव्हीनंतर."

"आयव्ही कोण?" बेथनं विचारलं.

"माझी बहीण," डोरीन म्हणाली. "तरुण गेली. सिरिल, माग लाव."

आठांपैकी चार माग चालू स्थितीत होते. सिरिलनं पहिल्याची मूठ ओढली. डोरीनला आवाज ऐकू आला नाही. तो तिच्या तळपायांतून वर चढला. गुडघ्यांत आला, बरगड्यांत आला. खडाड् खट्, खडाड् खट्. आडवं सूत नेणारा धोटा एका कडेहून दुसरीकडे धावू लागला. आत कुठलं तरी जुनं कुलूप सैल झाल्यासारखं वाटलं आणि तिनं मान वर करून समोरच्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं, जिथं कधीकाळी दुसरी रांग होती.

नजरेच्या मधोमध तो धुरकट डाग होताच. डागाच्या आत कुणीतरी उभं होतं.

डोरीननं डोळे मिटले, उघडले. सवयीनं मान वाकडी केली तर फरशी मोकळी. सरळ पाहिलं की पुन्हा तीच... धुक्यात कंदील घेऊन उभं राहावं तशी, अंधूक. खांदे. डोक्याला बांधलेला रुमाल. वर्षभर या डागानं तिच्यापासून सगळ्यांचे चेहरे काढून घेतले होते, आणि आता त्याच्यातच एक चेहरा येऊ पाहत होता.

माग थांबला. डागात नुसता डाग उरला.

"कांडी संपली," सिरिल म्हणाला. त्यानं धोट्यात सुताची नवी कांडी बसवली आणि गमतीनं धोटा तिच्यापुढे धरला. "घे. अजून जमतं का बघू."

गिरणीत सूत ओवायची एकच रीत होती. धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि जोरात श्वास ओढायचा, की सूत भोकातून तोंडाशी येई. एकीनं ओढलेला धोटा मग दुसरीच्या ओठांना लागायचा, सर्दी-खोकला सगळ्यांचा एकच. डोरीननं विचार न करता ओठ लावले, श्वास ओढला. सूत जिभेवर आलं, आणि त्याबरोबर एक चव. व्हायोलेटच्या फुलांच्या जांभळ्या गोळ्या. आयव्ही त्या दिवसभर गालात धरून ठेवायची.

"याला तू तोंड लावलंस?" तिनं विचारलं.

"मी? आता सक्त मनाई आहे. हातानंच ओवतो मी." सिरिलनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"दोन लाव."

त्यानं दोन लावले. या वेळी ती लगेच आली. निळा रुमाल, कमरेला टांगलेली कात्री, भुवईवर कापसाचा तंतू. एकोणीस वर्षांची आयव्ही. ओठ हलत होते, ताणून, हळूहळू, लहान मुलाला समजवावं तसे. डोरीन... इकडे बघ... डोरीन...

"बघतेय गं," डोरीन पुटपुटली. "बघतेय मी."

सुटल्यावर... असा काहीसा आकार झाला आणि तिथंच चेहरा पातळ होऊ लागला. दोन मागांचा जोर पुरत नव्हता. पाण्यातलं प्रतिबिंब हलावं तसे ओठ हलले, मोडले. डोरीननं सिरिलचा दंड घट्ट धरला.

"चारही लाव."

"अगं, शेजारचे फ्लॅटवाले मला फाडून खातील. दोनाहून जास्त माग लावायची परवानगी नाही."

"जन्मभर लोकांचे माग बंद पाडलेस तू, सिरिल बॅम्बर. आज माझ्यासाठी चालू कर."

"आजी, तू रडतेयस?" बेथ म्हणाली. सिरिलनं डोरीनकडे क्षणभर पाहिलं, टोपी मागे सारली आणि तिसऱ्या मागाची, मग चौथ्याची मूठ ओढली.

फरशी थरथरली. छपराच्या काचा थरथरल्या. त्या पांढऱ्या उजेडात कुठून कोण जाणे कापसाचे तंतू तरंगू लागले, बर्फ पडावा तसे, अगदी सावकाश. तेलाचा वास आला, ओल्या सुताचा आला. बेथनं दोन्ही कान दाबून धरले होते. डोरीनला मात्र बासष्ट वर्षांत इतकं स्वस्थ कधी वाटलं नव्हतं. समोर आयव्ही लख्ख उभी होती. मागांच्या टोकाशी, हात हलवत. आणि डोरीननं या वेळी पाठ फिरवली नाही.

आयव्हीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं.

डोरीन, इकडे बघ. रुसू नकोस. माझं चुकलं. सुटल्यावर पुलापाशी थांबते. गरम वाटाणे घेऊ आणि बरोबरच घरी जाऊ. तू येईस्तोवर मी हलणार नाही.

म्हणजे तिनं जीव दिला नव्हता. डोरीनच्या छातीवरचा दगड उतरला. पण तो उतरेपर्यंत दुसरा येऊन बसला. आयव्ही थांबली होती. लाकडी तळाचे बूट घालून, ओल्या दगडावर, एक तास, दोन तास... तिकडे डोरीन सिनेमात गोळ्या चघळत होती, आणि ही धुक्यातून येणारी प्रत्येक सावली आपल्या बहिणीची समजून पुढे वाकून बघत होती. डोरीनला हुंदका आवरेना.

तिचे गाल आपोआप ताणले गेले. इतक्या वर्षांनीसुद्धा ओठांना सगळं आठवत होतं. मी बघितलं नव्हतं गं, ती आवाजाशिवाय म्हणाली. तू काय सांगत होतीस ते मी बघितलंच नव्हतं. मी आले नाही.

आयव्हीनं मान कलती केली. रागावली नव्हती ती. घरात पाहुणे असताना उशिरा आलेल्या धाकटीकडे बघावं तसं तिनं पाहिलं, आणि विचारलं, मग आता येतेस?

येते, डोरीन म्हणाली.

एवढ्यात काचेच्या दारातून गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई हात उडवत धावत आली. सिरिलनं एकेक मूठ मागे ढकलली. एक, दोन, तीन, चार. हवेत तंतू नव्हते, फरशी रिकामी होती. व्यवस्थापक बाई सिरिलला झापत होती आणि तो टोपी हातात घेऊन निमूट ऐकत होता. जाता जाता डोरीननं त्याचा हात दाबला. "मी काही बघितलं नाही," तो ओठांनीच म्हणाला, "पण तू कुणाशी बोलत होतीस ते कळलं मला. जपून जा."

बाहेर आल्यावर डोरीन म्हणाली, "गाडीकडे कालव्याच्या बाजूनं जाऊ."

पूल जवळच होता, जेमतेम शंभर पावलांवर. तीन वाजून गेले होते, ऊन मऊ झालं होतं. पुलाच्या कठड्यावर कुणीतरी फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. खालून एक रंगीत होडी गेली. तिच्यावर बसलेल्या माणसानं कप उंचावून नमस्कार केला. डोरीन पुलाच्या मधोमध थांबली. डागात पाहिलं, डागाबाहेर पाहिलं. कुणी नव्हतं. माग नाहीत तर कोण येणार, असं तिनं स्वतःलाच समजावलं. मग पाण्याकडे तोंड करून ती बराच वेळ आवाजाशिवाय बोलली. आई कशी गेली ते सांगितलं, लग्नाचं सांगितलं, मुलांची नावं सांगितली, आणि शेवटी जे पहिल्यांदा सांगायचं होतं ते, की मला माफ कर. बेथ कठड्याला टेकून उभी होती. आजी दमली असेल, असं वाटून तिनं घाई केली नाही.

उत्तर आलं नाही. आलं नाही म्हणून डोरीनला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. येते म्हणाले होते; आले, उभी राहिले, सांगितलं. झालं. गाडीत बसल्यावर तिनं लोकरीची पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. कितीतरी वर्षांनी तिला पोटभर झोप येईलसं वाटत होतं.

मोठ्या चौकात लाल दिव्याला गाडी थांबली. बेथनं तिच्या गुडघ्यावर थोपटलं. डोरीननं डोळे उघडले, मान वाकडी करून तिच्या ओठांकडे पाहिलं.

"आजी, पुलावर ती मुलगी कोण होती गं?"

"कुठली मुलगी?"

"तुझ्या अगदी पाठीशी उभी होती की. निळा रुमाल बांधलेली. मिलवाल्यांनीच जुना वेष देऊन ठेवली असणार, पाहुण्यांसाठी. पण सगळी ओलीचिंब होती बिचारी. तू पाण्याकडे बघत होतीस आणि ती तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघून सारखी काहीतरी बोलत होती. आवाज मात्र नाही. तुमचं ते गिरणीतलं बोलणं असेल, नाही का? मला कुठं येतंय ते. पण इतक्यांदा म्हणाली ना, की पाठच झालं. थांब, करून दाखवते."

आजीला नीट दिसावं म्हणून बेथनं गाडीतला छोटा दिवा लावला, चेहरा आजीकडे वळवला आणि हसत हसत, ओठ आणि गाल ताणून, आवाजाशिवाय ते आकार एकामागून एक केले. जिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं तिच्या तोंडावर ते शब्द अगदी स्पष्ट उमटले.

हिला आणू नकोस. एकटी ये.

मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. दिवा हिरवा झाला होता.

"काय म्हणत होती गं?" गाडी पुढे काढत बेथनं विचारलं.

डोरीननं मांडीवरची लोकर चाचपली.

"काही नाही. रस्ता विचारत असेल." मग चौक मागे पडल्यावर, खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "बेथ, पुढच्या शनिवारी तुला कामावर जायचं असतं ना गं?"

"हो, संध्याकाळपर्यंत. का?"

"तसं काही नाही. आमच्या कोपऱ्यावरून गिरणीकडं कितव्या नंबरची बस जाते, तेवढं मला मोठ्या अक्षरांत लिहून दे."